पीएचडी करताना पहिल्यांदाच परदेशी कॉन्फरन्सला जाताय? अ‍ॅबस्ट्रॅक्टपासून बिलं सादर करेपर्यंत सगळं

दर डिसेंबर-जानेवारीत ज्युनिअर मंडळींचे ठरलेले मेसेज येतात, दादा व्हिसाला काय काय लागतं, पोस्टर किती मोठं छापू, पैसे कुठून आणायचे. प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकतो. माझा विषय दख्खनच्या बेसॉल्टमधलं भूजल, त्यामुळे उदाहरण म्हणून युरोपियन जिओसायन्सेस युनियनची, म्हणजे ईजीयूची जनरल असेंब्ली घेतो. ही बहुतेक एप्रिलमध्ये व्हिएन्नाला असते, आठवडाभर चालते, आणि अलीकडच्या वर्षांत तिथे १८ हजारांहून जास्त लोक येतात. तुमचा विषय केमिस्ट्री असो नाहीतर समाजशास्त्र, युरोपात जाणार असाल तर यातलं बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. यात रिसर्चपेक्षा जास्त डोकं खातात ते कागद आणि तारखा. ग्रँटला अ‍ॅक्सेप्टन्स लागतो, व्हिसाला आमंत्रणपत्र आणि पैशांचा पुरावा लागतो, पुराव्याला ग्रँटचं पत्र लागतं, आणि ग्रँटचा निकाल नेमका व्हिसाची अपॉइंटमेंट उलटून गेल्यावर लागतो. ही साखळी आधीच ओळखली तर निम्मं टेन्शन कमी होतं.

१. आधी कॉन्फरन्स खरी आहे का ते बघा

पहिला पेपर छापून आला की इनबॉक्समध्ये आमंत्रणं सुरू होतात. "आदरणीय डॉक्टर, आपल्या महान कार्याने आम्ही प्रभावित झालो आहोत, आपण बीजभाषण द्यावं." अजून थिसिसचा दुसरा चॅप्टर झाला नाहीये आणि बीजभाषण! असले मेल सरळ डिलीट करा. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत: एकाच कॉन्फरन्समध्ये नॅनोटेक्नॉलॉजीपासून नर्सिंगपर्यंत सगळे विषय, अ‍ॅबस्ट्रॅक्ट (कामाचा छोटा सारांश) पाठवल्यावर दोन दिवसांत स्वीकारला, कमिटीतल्या लोकांच्या स्वतःच्या वेबपेजवर त्या कॉन्फरन्सचा उल्लेखच नाही, आणि पैसे भरायची घाई.

उलट खात्री कशी करायची? तुम्ही ज्यांचे पेपर वाचता ते लोक गेल्या तीन-चार वर्षांत तिथे गेलेत का ते जुन्या प्रोग्रॅममध्ये शोधा. गाइडला विचारा, गाइडला माहीत नसेल तर विषयातल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारा. शहर सुंदर आहे हे कारण नाही. (आहे, पण ते गाइडला सांगायचं नाही.)

२. कॅलेंडर उलटं मांडा

कॉन्फरन्स एप्रिलमध्ये असेल तर काम ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. ईजीयूची अ‍ॅबस्ट्रॅक्टची मुदत साधारण जानेवारीच्या मध्यात संपते, पण ज्यांना त्यांच्याकडून प्रवासाची मदत हवी आहे त्यांच्यासाठी मुदत बरीच आधी, डिसेंबरच्या सुरुवातीच्या आसपास असते. हे बहुतेकांना जानेवारीत कळतं, तेव्हा गाडी निघून गेलेली असते. तुमचं सेशन कोणत्या दिवशी, टॉक की पोस्टर, हे मार्चच्या आसपास कळतं. आणि व्हिसाच्या अपॉइंटमेंटा मार्चपासून मिळेनाशा होतात कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोप टूरवर जाणारी अख्खी गर्दी तेव्हाच अर्ज करते.

पासपोर्ट नसेल तर आज अर्ज करा, उद्या नाही. असेल तर तीन गोष्टी तपासा: युरोपातून परत निघायच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध हवा, गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, आणि २ पानं कोरी हवीत.

३. अ‍ॅबस्ट्रॅक्ट आणि नावाची भानगड

आधी सेशन निवडा, मग अ‍ॅबस्ट्रॅक्ट लिहा. ईजीयूमध्ये शेकडो सेशन असतात आणि प्रत्येकाचे कन्व्हीनर (ते सेशन चालवणारे) वेगळे. "भूजल" शोधून पहिलं दिसलं त्यात टाकू नका, सेशनचं वर्णन पूर्ण वाचा, आणि शंका असेल तर कन्व्हीनरला चार ओळींचा मेल टाका, बहुतेक जण उत्तर देतात. अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये निम्मी जागा "महाराष्ट्रात पाण्याचा प्रश्न गंभीर आहे" यात घालवू नका. तुम्ही काय मोजलं, किती विहिरींवर, काय निघालं, ते लिहा. तिथल्या माणसाला दख्खनचा बेसॉल्ट ऐकून माहीत असतो, पण दोन लाव्हा थरांच्या मधल्या भेगांमध्ये पाणी कसं साठतं याचे प्रत्यक्ष आकडे त्याच्याकडे नसतात, ते तुमच्याकडे आहेत. तोच तुमचा माल.

अ‍ॅबस्ट्रॅक्ट भरतानाच वेगळी फी घेतात आणि ती परत मिळत नाही. कॉन्फरन्सची नोंदणी फी त्याहून वेगळी, विद्यार्थ्यांना सवलतीत.

आता नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं, मग वडिलांचं, मग आईचं. पासपोर्टवर क्रम वेगळा, वडिलांचं नाव बहुतेक वेळा तुमच्या नावाला जोडलेलं. लग्न झालेल्या मुलींचं तर मार्कशीट एका नावाने, पासपोर्ट दुसऱ्या, पेपर तिसऱ्या. नियम एकच: नोंदणी, आमंत्रणपत्र, विमा, तिकीट, हॉटेल, सगळीकडे पासपोर्टवर जसं आहे तसंच, स्पेलिंगसकट. पेपरवर छापायचं नाव अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये वेगळं ठेवलं तरी चालतं, पण नोंदणीच्या फॉर्मात नाही.

४. पैसे

खर्चाचे मोठे तुकडे पाच: विमान, राहणं, नोंदणी, व्हिसा आणि विमा, तिथलं खाणंपिणं. एकाच ठिकाणाहून सगळं मिळेल असं धरू नका. कुठे कुठे बघायचं ते सांगतो.

कॉन्फरन्सचीच मदत: ईजीयूची तरुण संशोधकांसाठी प्रवास मदत आहे, इतर मोठ्या संघटनांचीही असते. फॉर्म अ‍ॅबस्ट्रॅक्टसोबतच भरायचा असतो.

सरकारी ट्रॅव्हल ग्रँट: पूर्वी सर्बची (केंद्राच्या विज्ञान संशोधन मंडळाची) इंटरनॅशनल ट्रॅव्हल स्कीम म्हणून प्रसिद्ध होती, आता सर्ब एएनआरएफ या नव्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत विलीन झालंय, त्यामुळे जुन्या सिनिअरचा जुना फॉर्म वापरू नका, एएनआरएफच्या पोर्टलवर चालू सूचना वाचा. सीएसआयआरचीही ट्रॅव्हल ग्रँट आहे. अशा योजनांमध्ये बहुतेक ठिकाणी पेपर तुम्ही स्वतः सादर करणार हे दाखवावं लागतं, नुसतं हजर राहायला पैसे मिळत नाहीत.

तुमची फेलोशिप: सीएसआयआर किंवा यूजीसी जेआरएफ, पीएमआरएफ, इन्स्पायर, किंवा राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योतीची फेलोशिप असेल तर आकस्मिक खर्चाच्या नियमांत परदेश प्रवास बसतो का ते लेखी विचारा. तोंडी "हो हो बसतं" यावर एक रुपया खर्च करू नका.

गाइडचा प्रोजेक्ट: प्रोजेक्टच्या प्रवास हेडमध्ये पैसे शिल्लक असतात, पण बऱ्याचदा तो हेड देशांतर्गत प्रवासाचाच असतो. मंजुरीपत्र काढून बघा.

आणि महत्त्वाचं म्हणजे यातलं बहुतेक नंतर मिळतं. आधी खिशातून घालायचे, मग बिलं लावायची. त्यामुळे दीड-दोन लाख रुपये काही महिने अडकून पडतील एवढी सोय घरी बोलून आधीच करून ठेवा. सरकारी पैशातून तिकीट काढणार असाल तर ते कुठून काढायचं याचेही नियम असतात, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी हे तीनच एजंट ठरलेले आहेत, आणि बऱ्याच संस्थांचे अकाउंट्सवाले तोच नियम विद्यार्थ्यांनाही लावतात. स्वस्त दिसलं म्हणून भलत्याच वेबसाइटवरून तिकीट काढण्याआधी त्यांना विचारा.

५. युनिव्हर्सिटीची परवानगी

अर्ज गाइडच्या सहीने, मग विभागप्रमुख किंवा रिसर्च सेंटर असलेल्या कॉलेजचे प्राचार्य, मग युनिव्हर्सिटी. अर्ज दिलात की आवक शिक्का मारलेली कॉपी स्वतःकडे ठेवा, कारण फाइल हरवली की "तुम्ही दिलाच नव्हता" हे ऐकायला मिळतं. ना हरकत पत्र लेटरहेडवर, जावक क्रमांक, तारीख, शिक्का, आणि इंग्रजीत हवं. त्यात या चार गोष्टी लिहून घ्या: तुम्ही इथे पीएचडी करताय, कॉन्फरन्सचं नाव आणि तारखा, रजा मंजूर आहे, आणि परत येऊन काम पुढे चालू ठेवणार आहात. मसुदा तुम्हीच टाइप करून न्या. क्लार्कला बसवून करून घ्याल तर दोन आठवडे जातील आणि तुमच्या गाइडचं नाव चुकेल.

६. व्हिसा

ऑस्ट्रिया शेंगेनमध्ये (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) येतं, म्हणजे शेंगेनचा शॉर्ट स्टे व्हिसा. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, दिवस समान असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार तिथे. त्यामुळे व्हिएन्नाला पाच दिवस आणि मग मित्राकडे जर्मनीत आठ दिवस असा प्लॅन असेल तर अर्ज ऑस्ट्रियाकडे चालत नाही. पहिल्या वेळी मोह आवरा, कॉन्फरन्स आणि वर एक-दोन दिवस, बस.

प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ दिवसांपर्यंत ताणू शकतात, म्हणून मी तरी दोन महिने आधीची अपॉइंटमेंट धरा असंच सांगतो. अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीच्या सेंटरवर जातो, निर्णय दूतावासाचा असतो, त्यामुळे काउंटरवरच्या माणसाशी वाद घालून काही होत नाही. जून २०२४ पासून प्रौढांची फी ९० युरो आहे, वर सेंटरची सर्व्हिस फी. फी परत मिळत नाही. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं.

कागदांची यादी:
– भरलेला आणि सही केलेला फॉर्म, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे ताजे फोटो
– पासपोर्ट, जुने असतील तर तेही, आणि झेरॉक्स
– कव्हर लेटर: कोण आहात, कशासाठी जाताय, कुठल्या दिवशी कुठे, खर्च कोण करणार. एका पानात
– आयोजकांचं आमंत्रणपत्र, अ‍ॅबस्ट्रॅक्ट स्वीकारल्याचं पत्र, नोंदणीची पावती
– ना हरकत पत्र, बोनाफाइड
– फेलोशिप मंजुरीचं पत्र, ग्रँट मिळाली असेल तर तिचंही
– गेल्या किमान ३ महिन्यांचं बँक स्टेटमेंट, बँकेचा सही-शिक्का असलेलं
– जायचं-यायचं विमानाचं रिझर्व्हेशन, सगळ्या रात्रींचं राहण्याचं बुकिंग
– प्रवास विमा, किमान ३०,००० युरो कव्हर, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा

नेमकी यादी अर्जाच्या दिवशी त्यांच्या वेबसाइटवर परत बघा आणि त्याच क्रमाने कागद लावा.

आता खड्डे. पहिला आणि सगळ्यात मोठा, खात्यात अचानक पैसे. तीन महिने खात्यात आठ हजार, आणि अपॉइंटमेंटच्या आदल्या आठवड्यात काकांनी टाकले तीन लाख, हे बघणाऱ्याला लगेच कळतं. वडील खर्च करणार असतील तर सरळ तसं पत्र लावा, त्यांचं स्टेटमेंट आणि इन्कम टॅक्स रिटर्न लावा. वडील शेतकरी आहेत आणि रिटर्न भरत नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही, शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नसतो हे एका ओळीत लिहा आणि भर तुमच्या फेलोशिपवर द्या. सातबारा लावू का असं बरेच जण विचारतात, लावायचाच असेल तर इंग्रजी भाषांतरासकट, नुसता मराठी सातबारा त्यांच्यासाठी कागदाचा तुकडा.

दुसरा, तारखा. विम्याची तारीख एक, हॉटेलची दुसरी, कव्हर लेटरमध्ये तिसरी. रात्रीची फ्लाइट मुंबईहून बाराच्या पुढे निघते तेव्हा तारीख बदलते, हे लक्षात ठेवून सगळे कागद एका टेबलावर पसरून एकदा जुळवून बघा.

तिसरा, एजंटकडून काढलेली खोटी बुकिंग. हे करूच नका. फुकट रद्द करता येणारं हॉटेल आणि खरं रिझर्व्हेशन मिळतं, तेच वापरा.

नाकारलाच तर पत्रात कारण टिक केलेलं असतं. ते कारण दुरुस्त करून परत अर्ज करता येतो, वेळ असेल तर. म्हणून तर लवकर करायचं.

७. राहणं

कॉन्फरन्स जिथे भरते ते ऑस्ट्रिया सेंटर व्हिएन्ना यू-१ या मेट्रो लाइनवर आहे, स्टेशन काइझरम्यूलन. त्यामुळे सेंटरच्या शेजारचंच हॉटेल हवं असा हट्ट नको, यू-१ वर कुठेही स्वस्त हॉस्टेल मिळालं तरी पुरतं. आठवडाभर हजारो लोक येतात म्हणजे दर चढतात, अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवला त्याच दिवशी रद्द करता येणारं बुकिंग करून टाका. दोघं-तिघं मिळून किचन असलेली खोली घेतली तर सगळ्यात परवडतं, कुकर नाही म्हणून अडत नाही, खिचडी पातेल्यातही होते.

८. पोस्टर मिळालं म्हणून तोंड पाडू नका

टॉक म्हणजे मोठं आणि पोस्टर म्हणजे सांत्वन हा आपल्याकडचा समज आहे. टॉकमध्ये तुम्हाला मोजकी मिनिटं, एखादा प्रश्न, आणि पुढचा माणूस माइकजवळ उभा. पोस्टरपाशी विषयातला माणूस पंधरा मिनिटं उभा राहून तुमच्या डेटाबद्दल भांडतो. पीएचडीच्या विद्यार्थ्याला कशाची गरज जास्त आहे तुम्हीच ठरवा. ईजीयूमध्ये पिको नावाचा तिसराही प्रकार आहे, आधी सगळ्यांसमोर २ मिनिटं, मग टचस्क्रीनपाशी उभं राहून गप्पा.

पोस्टरचं माप छापण्याआधी बघा! ईजीयूचे बोर्ड आडवे असतात, १९७ बाय १०० सेंटीमीटर. आपल्याकडे सगळे डोळे मिटून उभा ए-झीरो छापतात, त्याची उंची जवळपास ११९ सेंटीमीटर, म्हणजे तो बोर्डाच्या बाहेर लोंबणार. आडवा ए-झीरो घ्या.

छापायला आपला कोपऱ्यावरचा फ्लेक्सवाला चालतो का? चालतो, भाऊंच्या वाढदिवसाचे बॅनर छापतो त्याच मशिनवर तुमचा जलधराचा (भूजल साठवणाऱ्या खडकाचा) नकाशाही छापून मिळतो, पण फ्लेक्स जड होतो आणि गुंडाळलेला सरळ राहत नाही. त्यापेक्षा कापडावर छापून देणारा शोधा, घडी घालून बॅगेत जातं, लांबलचक नळी विमानात सांभाळत बसायला नको. फाइल पीडीएफमध्ये द्या, आणि मोठा प्रिंट काढण्याआधी ए-४ वर काढून बघा, हातात धरून वाचता आलं नाही तर अक्षर बारीक आहे.

मजकूर कमी. शीर्षकातच निष्कर्ष लिहा. नकाशावर भारताचा छोटा नकाशा टाका, मराठवाडा कुठे आहे हे तिथे कुणाला माहीत नसतं, आणि पावसाचे चार महिने व बाकी कोरडं वर्ष हेही एका आलेखात दाखवा, नाहीतर पाण्याची पातळी एवढी वर-खाली का जाते यावरच निम्मा वेळ जाईल.

टॉक असेल तर घड्याळ लावून मोठ्याने सराव. मनात केलेला सराव धरायचा नाही. "माझं इंग्रजी चांगलं नाही" असं म्हणून सुरुवात करू नका, समोर बसलेल्या निम्म्या लोकांची मातृभाषा इंग्रजी नाही. सावकाश बोला, आपण घाबरलो की एक्सप्रेस होतो. प्रश्न कळला नाही तर परत विचारायला सांगा. उत्तर माहीत नसेल तर "हे अजून मोजलेलं नाही" एवढं पुरे. फाइल पेनड्राइव्हवर, मेलवर, आणि पीडीएफमध्येही ठेवा.

९. बॅग

एप्रिलमध्ये व्हिएन्नात सकाळी चांगलीच थंडी असू शकते, जाड जॅकेट न्या. सूट लागत नाही, साधा शर्ट आणि चालायला आरामदायक बूट. तिथले सॉकेट दोन गोल पिनांचे, आपला तीन पिनांचा लॅपटॉपचा प्लग बसत नाही, अडॅप्टर इथूनच घ्या.

खाऊच्या बाबतीत एक सूचना आयांनाही वाचून दाखवा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे प्रोफेसरसाठी कंदी पेढे नाहीत, घरचं तूप नाही. चिवडा, चकली, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट चालतं. लोणच्याची बरणी हँडबॅगेत टाकली तर १०० मिलिलिटरच्या नियमात सिक्युरिटीवाले काढून घेतील.

फॉरेक्स कार्ड आणि थोडे रोख युरो, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. सगळ्या कागदांचा एक छापील संच हँडबॅगेत, इमिग्रेशनला आमंत्रणपत्र आणि परतीचं तिकीट विचारू शकतात आणि फोनची बॅटरी तेव्हाच संपते.

१०. तिथे पोचल्यावर

शक्यतो एक दिवस आधी पोचा. एअरपोर्टवरून शहरात यायला महागडी कॅट ट्रेन आहे आणि साधी एस-७ लोकलही, लोकल घ्या, थोडा वेळ जास्त लागतो एवढंच. कागदी तिकीट काढलं तर त्यावर शिक्का मारायचं निळं मशिन असतं, तो मारल्याशिवाय चढलात तर तिकीट असूनही दंड. रविवारी दुकानं बंद! मोठ्या स्टेशनांवरची मोजकी उघडी असतात, पण शनिवारीच दूध-ब्रेड-फळं घेऊन ठेवलेली बरी. नळाचं पाणी आल्प्सच्या झऱ्यांचं आहे, पिऊन टाका, बाटल्यांवर पैसे घालवू नका.

सेशन साडेआठला सुरू होतात आणि सहापर्यंत चालतात. सगळं बघायला जाल तर दुसऱ्या दिवशी दुपारी कुठल्यातरी हॉलमध्ये झोपाल. रोज दोन सेशन मनापासून, बाकी वेळ पोस्टर हॉलमध्ये. ज्यांना भेटायचंय त्यांना आठवडाभर आधी मेल टाका, "मी अमुक दिवशी अमुक बोर्डवर आहे, दहा मिनिटं मिळतील का?" मोठी माणसं गर्दीत पकडणं अवघड, मेलवर सोपं. तिथे सर-मॅडम चालत नाही, पहिल्या नावाने हाक मारतात, सुरुवातीला जीभ वळत नाही, वळवा. आणि भारतीय-भारतीय मिळून एकाच टेबलावर पाचही दिवस जेवू नका. एखादा दिवस ठीक आहे, मराठी ऐकलं की बरं वाटतंच.

पोस्टरपाशी तुमच्या वेळेत उभे राहाच. ए-४ वर छापलेल्या छोट्या कॉपी आणि मेल आयडीचा क्यूआर कोड ठेवा. कुणी चांगलं बोललं की तो गेल्या गेल्या वहीत नाव आणि काय बोललं ते लिहा, संध्याकाळपर्यंत सगळे चेहरे एकसारखे होतात.

११. परत आल्यावर

ज्यांच्याशी बोललात त्यांना त्याच आठवड्यात मेल, सोबत पोस्टरची पीडीएफ आणि जे पाठवतो म्हणालात ते.

मग बिलं. जायचे-यायचे सगळे बोर्डिंग पास (मोबाइलवरचे असतील तर स्क्रीनशॉट आधीच काढा, नंतर अ‍ॅपमधून गायब होतात), तिकिटाचं टॅक्स इन्व्हॉइस, नोंदणीची पावती, हॉटेलचं तुमच्या नावाचं बिल, विमा, व्हिसा फीची पावती, हजेरीचं सर्टिफिकेट, पासपोर्टवरच्या शिक्क्यांची झेरॉक्स. युरोपने आता सीमेवर डिजिटल नोंद सुरू केली आहे, त्यामुळे तिकडचा शिक्का मिळेलच असं नाही, मग बोर्डिंग पासच तुमचा पुरावा. युरोचे रुपये कुठल्या दराने केले हे दाखवायला कार्डचं स्टेटमेंट लावा. खोली दोघांनी मिळून घेतली असेल तर हॉटेलकडून दोन वेगळी बिलं तिथेच मागून घ्या, इथे येऊन मेल करत बसलात की उत्तर येत नाही. सगळ्याचा एक संच स्कॅन करून ठेवा, मूळ कागद अकाउंट्सला देताना पोच घ्या, आणि दर पंधरा दिवसांनी जाऊन फाइल कुठल्या टेबलावर आहे ते विचारत राहा.